आभाळातून पडलेल्या कड्याचा जाब कोण देणार?

दर काही महिन्यांनी मोबाईलवर एक चित्रफीत येऊन धडकते. रात्रीचे आकाश, त्यातून सरकणारा आगीचा गोळा आणि मागे कुणाचा तरी घाबरलेला आवाज. खाली कुणी लिहितो, उल्कापात झाला. कुणी लिहितो, शत्रूचे क्षेपणास्त्र. तिसरा लिहितो, कलियुगाचा अंत जवळ आला. अशी चित्रफीत आली की आम्हाला लकडगंजातील एक संध्याकाळ आठवते आणि त्या संध्याकाळी आमची झालेली चूकही आठवते. ती चूक आज वाचकांसमोर कबूल करणे आम्हाला आवश्यक वाटते. कारण त्या चुकीत चळवळीने शिकावे असे बरेच काही आहे.

२ एप्रिल २०२२, शनिवार. गुढीपाडव्याचा दिवस. कोरोनाचे निर्बंध राज्य सरकारने त्या पाडव्यापासूनच उठवले होते. दोन वर्षे घरात बसून साजरी केलेली १४ एप्रिलची जयंती यंदा रस्त्यावर येणार, म्हणून वस्त्यावस्त्यांत बैठका सुरू होत्या. आम्ही लकडगंजच्या लाकूडबाजारात एका चहाच्या टपरीवर चार-पाच हमाल बांधवांसोबत मिरवणुकीच्या वर्गणीचा हिशेब करीत उभे होतो. आरा मशिनी बंद झाल्या होत्या. दिवसभर तापलेल्या लाकडांचा आणि भुशाचा वास हवेत होता. पावणेआठचा सुमार असेल. एकाएकी एकजण ओरडला, "अरे वर पाहा, वर!"

दक्षिणेकडच्या आकाशात पश्चिमेकडून आग्नेयेकडे एक तेजस्वी गोळा चालला होता. त्याच्या मागे लहानमोठे तुकडे एका रांगेत, प्रत्येकाला लाल-पिवळी शेपटी. आवाज नाही, गडगडाट नाही. कापडावर निखारा ओढीत न्यावा तशी आकाशावर एक जळती रेघ उमटत होती. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. कुणी हात जोडले, कुणी मोबाईल काढला.

"काय होय जी हे? इमान जळून रायलं का?" एका हमालाने विचारले. दुसरा म्हणाला, "पाडव्याच्या दिवशी असं दिसणं चांगलं नाही." आम्ही शिकलेले! चार पुस्तके वाचलेले! आम्ही लगेच भाषण ठोकले. शुभ-अशुभ काही नसते, ही उल्का आहे, अवकाशातला दगड हवेशी घासून जळतो, घाबरायचे कारण नाही. तेव्हा लाकडाच्या थप्पीला टेकून उभा असलेला एक वयस्क हमाल शांतपणे म्हणाला, "भाऊ, तारा तुटते तं असा हळूहळू जाते का जी? आमी उन्हाळाभर बाहेर झोपतो. लई तारे तुटताना पाह्यले. डोळा लवला का खतम. हे तं चालूनच रायलं."

आम्ही त्यांच्याकडे पाहून हसलो आणि विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी कळले की तो हमाल बरोबर होता आणि आम्ही चूक होतो.

काय घडले होते ते नीट समजून घेऊ. तोच प्रकाश त्या संध्याकाळी मध्य प्रदेशातील बडवानी, झाबुआपासून आपल्या जळगाव, बुलढाणा, अकोला ते चंद्रपूरपर्यंत लाखो लोकांनी पाहिला. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी या गावी मोकळ्या जागेत धातूचे एक कडे येऊन पडले. व्यास जवळजवळ तीन मीटर, म्हणजे बैलगाडीच्या चाकाच्या दुपटीने मोठे. त्याच तालुक्यातील पवनपार येथे दीडेक फुटाचा गोळा सापडला आणि पुढील दिवसांत आणखीही तुकडे मिळाले. प्रशासनाने ते ताब्यात घेतले आणि इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन पाहणी करून गेले.

सुरुवातीला काही जाणकारांनी त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या एका रॉकेटकडे बोट दाखवले. परंतु हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्रातील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी कक्षेचा हिशेब मांडून सांगितले की, फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या चांग झेंग ३बी, म्हणजेच लाँग मार्च जातीच्या रॉकेटचा हा तिसरा टप्पा आहे. उपग्रह वर सोडून झाल्यावर हे रिकामे धूड वर्षभरापेक्षा अधिक काळ पृथ्वीभोवती फिरत राहिले आणि शेवटी आपल्या डोक्यावर येऊन कोसळले. शास्त्राने पहिला अंदाज टाकून दिला आणि पुराव्याला धरून दुसरा स्वीकारला. पंचांगाने आपला अंदाज चुकला म्हणून कधी कबुली दिल्याचे कुणाच्या ऐकिवात आहे काय?

आता त्या हमालाच्या प्रश्नाकडे वळू. उल्का पृथ्वीच्या वातावरणात सेकंदाला किमान ११ आणि कमाल ७२ किलोमीटर वेगाने शिरते. बहुतेक उल्का मटकी-ज्वारीच्या दाण्याएवढ्या असतात आणि क्षणात संपतात. शुक्राच्या चांदणीपेक्षा अधिक तेजाने पेटणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. तोही फार तर काही सेकंद दिसतो. पृथ्वीभोवती फिरणारे रॉकेट मात्र सेकंदाला साडेसात-आठ किलोमीटर वेगाने, जवळजवळ आडवे, वातावरणात उतरते. सुमारे ८० किलोमीटर उंचीवर त्याचे तुकडे पडू लागतात आणि ही रांग मिनिटभर किंवा त्याहूनही अधिक काळ सरकताना दिसते. म्हणजे उल्का आणि रॉकेट यांतला फरक ओळखण्याची पहिली खूण वेग हीच. ती खूण दुर्बीण नसलेल्या, शाळा पुरी न केलेल्या एका श्रमिकाने नुसत्या डोळ्यांनी हेरली होती. आम्ही पुस्तकातले उत्तर पाठ म्हणून दाखवले, त्याने निरीक्षण केले. विज्ञाननिष्ठ कोण ठरला?

हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला तेव्हा मान खाली गेली. भटजीने "अशुभ" म्हणावे आणि आम्ही "उल्का" म्हणावे, पण दोघांनीही आकाशाकडे नीट पाहू नये, तर फरक फक्त शब्दाचा उरतो. अंधश्रद्धेविरुद्ध बोलणे सोपे आहे. समोरच्या अशिक्षित माणसाचे म्हणणे खरे असू शकते हे मानणे अवघड आहे. ज्या समाजाला हजारो वर्षे "तुला काय कळते" म्हणून गप्प बसवले, त्याच समाजातील शिकलेल्या माणसाने आपल्याच कष्टकरी बांधवाला तेच ऐकवावे, यासारखी शोकांतिका नाही.

बुद्धाने या प्रश्नाकडे कसे पाहिले? दीघ निकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, एक यादी आहे. चंद्रग्रहण होईल, सूर्यग्रहण होईल, उल्कापात होईल, भूकंप होईल आणि त्याचे फळ अमुक मिळेल, अशी भाकिते सांगून पोट भरणे ही हीन विद्या आहे आणि श्रमण गौतम अशा मिथ्या आजीविकेपासून दूर राहतो, असे तिथे सांगितले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी उल्केच्या नावाने चालणाऱ्या धंद्याची अशी स्पष्ट नोंद झाली, ही सामान्य गोष्ट नाही. आकाशाकडे पाहायला तेथे मनाई केलेली नाही. मनाई आहे ती माणसाच्या भीतीवर दुकान थाटायला. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दैवी चमत्कारावरील विश्वास हा अधम्म ठरवला आहे. भारतीय संविधानाच्या कलम ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन विकसित करणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ मध्ये लिहिले गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून होईपर्यंत मात्र महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करता आला नाही. तो २०१३ मध्ये झाला. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपतीला दूध पाजणाऱ्या रांगा लागल्या होत्या, त्यात पदवीधर कमी नव्हते.

आपल्या विदर्भातच बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. लवणासुर नावाचा दैत्य तिथे मारला गेला म्हणून ते सरोवर झाले, अशी कथा पिढ्यानपिढ्या सांगितली गेली. प्रत्यक्षात अवकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर तयार झाले, हे १९७० च्या दशकातील संशोधनाने निर्विवाद सिद्ध केले. त्याचे वय काहींनी ५० हजार वर्षे, तर काहींनी साडेपाच लाखांहून अधिक काढले आणि हा वाद पुराव्यांनिशी चालतो. जून २०२० मध्ये तेच पाणी गुलाबी झाले तेव्हाही चमत्काराच्या वावड्या उठल्या. नमुने तपासल्यावर खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग असल्याचे निघाले. चमत्काराची आवई एका दिवसात पसरते, खुलाशाला महिने लागतात आणि तो शेवटच्या पानावर छापला जातो.

येथपर्यंत प्रश्न अंधश्रद्धेचा होता. परंतु लाडबोरीच्या कड्याने त्याहून मोठा प्रश्न उभा केला आहे आणि त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. उल्का कोसळली तर निसर्ग. दोष कुणाला देणार? १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातील चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा अशनी फुटला. काचा फुटून दीड हजारांच्या आसपास माणसे जखमी झाली. त्याचा जाब विचारायला कुणी नव्हते. पण रॉकेट निसर्गाने बनवलेले नाही. ते कुणीतरी बनवले, कुणीतरी सोडले आणि काम झाल्यावर कुठेही पडो म्हणून सोडून दिले. अशा घटनेला उल्कापात म्हणणे म्हणजे माणसाच्या बेपर्वाईला निसर्गाचे नाव देणे होय. आणि तिला अपशकुन म्हणणे म्हणजे गुन्हेगाराची सरळ सुटका करणे होय! ज्याला आपण नशीब समजतो त्यामागे कुणाचा तरी निर्णय असतो, हे जातीच्या प्रश्नात बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. तोच धडा येथे लावून पाहा.

सिंदेवाहीची माणसे कोण आहेत? धान पिकवणारी, एप्रिलमध्ये पहाटे मोहफूल वेचायला आणि पुढे तेंदूपानासाठी जंगलात जाणारी. वाघाच्या भीतीत ती आधीच जगतात. ज्या उपग्रहासाठी ते रॉकेट उडाले त्याचा एक पैशाचा लाभ त्यांना नाही. कडे मात्र त्यांच्या गावात पडले. कुणी मेले नाही, हा केवळ योगायोग. चंद्रपूरच्या जंगलातील सागवान आमच्या लकडगंजात येऊन चिरले जाते, तेवढेच त्या गावाचे आणि आमचे नाते, असे आम्ही समजत होतो. त्या रात्री कळले की संकटाचेही नाते आहे. सेकंदाला साडेसात किलोमीटर या वेगाने नागपूर ते सिंदेवाही हे अंतर पंधरा सेकंदांचे! दाट वस्तीच्या, वाळक्या लाकडाने भरलेल्या लकडगंजावर ते कडे पडले नाही, ते कुणाच्या पुण्याईमुळे नव्हे. कक्षेची रेघ थोडी दक्षिणेकडून गेली, एवढेच.

कुणी म्हणेल, आधी सूचना का दिली नाही? अनियंत्रित उतरणाऱ्या रॉकेटची नेमकी वेळ सांगणे खरोखरच कठीण असते. सूर्याच्या तेजातील चढउतारांप्रमाणे वरच्या हवेची घनता बदलते आणि सारा हिशेब बदलतो. तासाभराची चूक झाली तरी जागा २५ हजार किलोमीटरपेक्षा अधिक सरकते. म्हणूनच उपाय इशाऱ्यात नाही, रॉकेटच्या रचनेत आहे. थोडे इंधन राखून ठेवून रिकामा टप्पा निर्जन महासागरात ठरवून पाडता येतो. ते तंत्र उपलब्ध आहे. त्याला पैसा लागतो आणि उपग्रह वर नेण्याची क्षमता थोडी कमी होते. हा वाचलेला पैसा गरिबाच्या डोक्यावरील धोक्यात बदलतो.

ही आमची अतिशयोक्ती नाही. जुलै २०२२ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या मायकेल बायर्स आणि सहकाऱ्यांनी अभ्यास प्रसिद्ध केला. न्यूयॉर्क, बीजिंग, मॉस्को यांच्या अक्षांशांपेक्षा जकार्ता, ढाका, लागोस यांच्या अक्षांशांवर रॉकेटचे अवशेष पडण्याची शक्यता सुमारे तिप्पट आहे, असे त्यांनी दाखवले. रॉकेट सोडतात उत्तरेकडील श्रीमंत आणि बलाढ्य देश, जोखीम वाहतात विषुववृत्ताजवळचे गरीब देश. घाण करणारा एक आणि घाणीखाली जगणारा दुसरा, ही व्यवस्था आपल्या समाजाला समजावून सांगावी लागत नाही!

आता कायद्याचे पाहू. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व करारानुसार अवकाशातील वस्तूमुळे जमिनीवर नुकसान झाले तर ती सोडणारा देश पूर्णपणे जबाबदार असतो. चूक सिद्ध करण्याचीही गरज नाही. १९७८ मध्ये अणुऊर्जेवर चालणारा सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ कॅनडात कोसळला. कॅनडाने ६० लाख डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये ३० लाख कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली. पण या करारात एक मेख आहे. दावा गावकऱ्याला करता येत नाही, तो त्याच्या देशाच्या सरकारनेच राजनैतिक मार्गाने आणि एक वर्षाच्या आत करायचा असतो. म्हणजे लाडबोरीच्या शेतकऱ्याचे घर मोडले असते तर त्याचा न्याय तलाठी कचेरीपासून दिल्लीपर्यंतच्या कागदांवर अवलंबून राहिला असता. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा येथील एका घराच्या छपरातून अंतराळ स्थानकातील धातूचा तुकडा आत शिरला. त्या कुटुंबाने वकील लावून नासाकडे ८० हजार डॉलरहून अधिक भरपाईची मागणी केली. आमच्या खेड्यातील माणसाला असा वकील कोण देणार?

येथे केवळ चीनला शिव्या देऊन मोकळे होणाऱ्यांनाही आम्हाला सांगावेसे वाटते. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर वाहून आलेला मोठा धातूचा सांगाडा आपल्या पीएसएलव्ही रॉकेटचा असल्याचे सांगितले गेले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या ७७ टनी स्कायलॅबने जगाला धास्ती लावली आणि ११ जुलैला तिचे तुकडे ऑस्ट्रेलियात पडले, तेव्हा आपल्या देशातही लोक हवालदिल झाले होते. प्रश्न एका देशाचा नाही. ज्याच्या हाती सत्ता आणि साधने आहेत, त्याने जबाबदारी दुसऱ्यावर ढकलण्याच्या सवयीचा आहे. मे २०२२ मध्ये गुजरातच्या आणंद जिल्ह्यातही धातूचे गोळे पडले. यापुढे हजारो उपग्रह वर जाणार आहेत. पडणारेही वाढणार आहेत.

मग आपण काय मागायचे? रॉकेटचे टप्पे नियंत्रितपणे उतरवणे सर्व देशांना बंधनकारक व्हावे, हा आग्रह भारत सरकारने आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर धरावा आणि स्वतःच्या रॉकेटांपासून सुरुवात करावी. प्रत्येक जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाने गावागावांत मराठीतून सूचना लावावी की, आकाशातून पडलेल्या वस्तूला हात लावू नये. तिच्यात विषारी इंधनाचा अंश असू शकतो. लेकरांना दूर ठेवावे, पोलीस पाटील आणि तहसीलदारांना कळवावे. पडलेली वस्तू दगडासारखी दिसली तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. त्यांचे मध्य क्षेत्राचे कार्यालय नागपुरातच आहे. नुकसान झाले तर त्याच दिवशी पंचनामा करून घ्यावा. कारण पंचनामा नसेल तर कोणताही आंतरराष्ट्रीय करार गरिबाच्या कामाचा नाही.

आणि आपण काय करायचे? आपली बुद्धविहारे संध्याकाळी वंदनेनंतर कुलूपबंद होतात. दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतील उल्कावर्षाव होतो. तेव्हा आकाश बहुधा निरभ्र असते. वस्तीतील मुलांना शहराच्या दिव्यांपासून दूर न्या. खर्च नाही, दुर्बीण लागत नाही. उल्का किती सेकंद दिसली, कोणत्या दिशेने गेली, रंग कोणता, आवाज आला का आणि किती मिनिटांनी, हे वहीत लिहायला शिकवा. साठ किलोमीटरवरचा आवाज पोहोचायला तीन मिनिटे लागतात, हे एकदा मुलाने स्वतः मोजले की कोणताही बाबा-बुवा त्याला फसवू शकणार नाही. आणि त्या रात्री वस्तीतील एखाद्या म्हाताऱ्या हमालाला, मजूर बाईला सोबत न्या. उघड्यावर झोपून आयुष्य काढलेल्या माणसाने आपल्यापेक्षा जास्त तारे पाहिलेले असतात.

त्या जयंतीच्या मिरवणुकीत तो वयस्क हमाल आम्हाला भेटला. आम्ही सांगितले, "दादा, तुम्ही म्हणाले तेच खरं निघालं. तारा नव्हता, रॉकेट होतं." ते हसले नाहीत. म्हणाले, "मंग भाऊ, ज्याचं होतं त्यानं उचलून नेलं का?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. ज्यांच्याजवळ असायला हवे, त्यांना तो प्रश्न आज या स्तंभातून आम्ही विचारीत आहोत.